लाल बाजू आपल्या अंगाकडे

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. माझ्या चष्म्याच्या दुकानात काउंटरखालच्या खणात, जुन्या फ्रेम्सच्या डब्यात ठेवायची.

कारण: सोळा मार्चला लाल विरुद्ध निळे. आपल्याकडे फुटबॉल क्लब दोन, मैदान एक, आणि हा सामना वर्षातून दोनदा. आपण लाल अकरा वर्षांत एकदाही जिंकलेलो नाही. बावीस सामने, अठरा हार, चार बरोबरी. मी लाल समर्थक संघटनेचा सभासद झालो त्यालाही बरोबर अकरा वर्षं झाली. म्हणजे माझी उमेदीची सगळी वर्षं संघाच्या पडत्या काळात गेली. दुसरा कोणी असता तर केव्हाच पाठ फिरवून गेला असता. मी एक सामना चुकवलेला नाही.

संकल्प. एक, रोज पहाटे मैदानाला दोन फेऱ्या. दोन, संघटनेसाठी काहीतरी भव्य करून दाखवायचं. तीन, सासऱ्यांशी फुटबॉलवर अवाक्षर बोलायचं नाही.

संध्याकाळी ७.००

फेऱ्या झाल्या नाहीत. एका बुटाची नाडी सापडेना. सासऱ्यांशी बोललो.

चूक माझी नाही. सासरे कट्टर निळे. बस डेपोत टाइमकीपर होते, आता रिटायर. दोन गल्ल्या सोडून राहतात आणि रोज संध्याकाळी चष्मा पुसून घ्यायच्या निमित्ताने दुकानात येऊन बसतात. निळ्या स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत आपली जागा आहे हे त्यांनी मला निदान तीनशे वेळा सांगितलं असेल. मागच्या सामन्यातला गोल कितव्या मिनिटाला झाला ते सेकंदासकट सांगतात. गोल झाला कसा असं विचारलं की म्हणतात, जावईबापू, ते काही शब्दांत सांगता येत नाही. वयाचा मान ठेवून मी पुढे विचारत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

संघटनेची बैठक. अध्यक्षांचं नळ-बेसिनचं दुकान आहे, तिथेच भरते. मला बसायला कमोडची पेटी मिळाली. पेटी बंद होती, तरी पण.

मी तयारी करून गेलो होतो. जगाचा फुटबॉलचा इतिहास सांगितला. १९५० साली ब्राझील आपल्याच घरात उरुग्वेकडून हरला, आणि एवढा हाय खाऊन बसला की पुढे त्यांनी पांढरा पोशाखच टाकून पिवळा घेतला. तात्पर्य, दोष कपड्यांना देता येतो, माणसांना द्यायचं कारण नाही. यावर ढोलवाला म्हणाला, कधीकधी माणसांचाही असतो. (ढोलवाला एरवी बेकरीत असतो, सामन्याला ढोल वाजवतो, आणि कानामागून येऊन तिखट झालेला आहे.) सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या उत्तराची वाट बघत असावेत.

मग उरुग्वेचीच दुसरी गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या एका क्लबात चामड्याचं काम करणारा एक माणूस चेंडूत हवा भरायला होता. सामन्यात तो एवढ्या जोरात ओरडायचा की तिकडच्या भाषेत समर्थकाला तेव्हापासून ‘फुगवणारा’ म्हणतात. म्हणजे जगातला पहिला नामांकित समर्थक हा एक साधा कारागीर होता, माझ्यासारखा. अध्यक्ष म्हणाले, वा, छान आठवण केलीत, आणि सरावाच्या चेंडूंत हवा भरायचं काम माझ्याकडे दिलं. स्टोअररूम मैदानाच्या बाहेर आहे.

गेली दोन वर्षं सामन्याच्या दिवशी सायकल-पार्किंगही माझ्याकडेच आहे. तेही बाहेरच. त्या दोन वर्षांतले चारही सामने बरोबरीत सुटले. पार्किंग नीट लागलं की संघ हरत नाही, हे मी आकड्यांनिशी मांडलं. सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या. आमच्या संघटनेत एवढं एकमत मी प्रथमच पाहिलं.

निघताना आतून ‘पनवती’ असा शब्द कानावर आला. आपल्यात असा कोणी असेल तर त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. तपास करणे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तपास केला. तक्ता आखला. उभ्या रकान्यात सभासद, आडव्या रकान्यात अठरा हरलेले सामने, हजर असेल तिथे फुली. ढोलवाला तीनदा गैरहजर. अध्यक्ष मूतखड्यामुळे दोनदा. अठराच्या अठरा वेळा आत हजर असलेला एकच माणूस निघतो, पण तो तक्ता आखणाराच असल्यामुळे धरता येत नाही.

तपास बंद.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भव्य कल्पना सुचली.

जर्मनीत डॉर्टमुंडला पंचवीस हजार समर्थक एका स्टँडमध्ये उभे राहतात, त्याला पिवळी भिंत म्हणतात. इटलीत मिलानला दोन वैरी क्लब एकाच मैदानावर खेळतात, अगदी आपल्यासारखे, आणि सामना सुरू व्हायच्या आधी दोन्हीकडचे लोक रंगीत कार्डं वर धरून स्टँडभर चित्र उभं करतात. समोरच्याची छातीच दडपते. आपल्याकडे आजवर कोणी असं केलेलं नाही.

लाल स्टँडमध्ये खुर्च्या सहाशे. वीस रांगा, दर रांगेत तीस. चौदाव्या रांगेतली नऊ नंबरची खुर्ची माझी, जिच्यावर मी गेली दोन वर्षं पार्किंगमुळे बसू शकलेलो नाही. सहाशे कार्डांतून एक डरकाळी फोडणारा सिंह काढायचा. आलेखाच्या कागदावर सुरुवात केली आहे.

बायकोला दाखवला. ती म्हणाली, याने चष्मा का लावलाय. ते डोळे आहेत हे समजावून सांगितलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सिंह रद्द. फक्त सिंहाचं तोंड.

बुधवार, १९ फेब्रुवारी

तोंडही रद्द. नुसतं लाल. भिंत म्हटल्यावर ती सपाटच असते.

अध्यक्षांना भेटलो. चित्र उभं करायचं तर सूत्रधार स्टँडच्या आत पाहिजे, पार्किंगमधून भिंत उभी राहत नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी बराच वेळ एक नळ उघड-बंद केला. मग म्हणाले, तुमच्या हौसेला मी नाही म्हणणार नाही, पण लोक पायगुण वगैरे बोलतात. तुम्ही आत असताना हरलो तर मी एकटा काय करू. शेवटी ठरलं ते असं: मी आत थांबायचं. आपण जिंकलो तर चौदा-नऊ कायमची माझी, आणि खुर्चीला पितळी पट्टी. नाही जिंकलो तर खुर्ची परत करायची आणि पुन्हा आत यायचं नाही. मी तिथल्या तिथे सही करून दिली. पायगुण कोणाचा, ते विचारायचं राहिलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, एवढं कशाला मनाला लावून घेता, बाहेरूनही सामना कळतो. बाहेरून कसा कळेल. निळ्यांच्या घरात वाढलेली, तिला काय कळणार.

खरं सांगायचं तर ती खुर्ची मला फार हवी आहे. वीस वर्षं मी लोकांना खुर्चीत बसवतोय. आपल्या नावाची एक असावी, एवढंच.

रविवार, २३ फेब्रुवारी

कार्डांची सोय झाली. छापखानेवाला माझं जुनं गिऱ्हाईक, भिंगं बाटलीच्या बुडासारखी जाड. त्याच्याकडे एका गाद्यांच्या दुकानाची सातशे कार्डं पडून आहेत. फोन नंबर चुकल्यामुळे दुकानदाराने घेतली नाहीत. एका बाजूला निळ्या रंगावर पांढऱ्या ठळक अक्षरांत ‘शांत झोपा’, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूला लाल रंग मारून देतो म्हणाला. निळा चालेल ना, असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, ती मागची बाजू. मागची बाजू बघतो कोण.

मग शटर अर्धं ओढून प्रयोग केला. माझ्या दुकानातली खोली लहान. डोळे तपासायचा तक्ता सहा मीटरवर हवा, खोली जेमतेम तीन. म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या पाठीमागे टांगलेला असतो आणि समोर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून वाचतं. वीस वर्षं हेच चाललंय.

तर तक्त्याच्या जागी कार्ड टांगलं, लाल बाजू खुर्चीकडे करून. खुर्चीत बसलो. समोर आरशात बघितलं. लालभडक. म्हणजे लाल बाजू बसणाऱ्याकडे असली की समोरून लाल दिसतं. शास्त्रीय पुरावा झाला. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण असला की काम पक्कं होतं.

सोमवार, ३ मार्च

प्रत्येक खुर्चीवर कार्डासोबत ठेवायच्या चिठ्ठीचा मजकूर ठरला: ‘शिट्टी वाजताच कार्ड छातीसमोर धरून वर उचला. लाल बाजू आपल्या अंगाकडे.’ सोपं आणि सुटसुटीत.

ढोलवाल्याने शंका काढलीच. लाल बाजू बाहेर नको का, म्हणे. मी त्याला आरशाचा नियम, प्रतिमा, डावं-उजवं सगळं पाऊण तास समजावलं. त्याला जांभया यायला लागल्या. शेवटी म्हणाला, तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर, तुम्हालाच कळतं. मी डॉक्टर नाही, पण खोडून काढलं नाही.

पहाटेच्या फेऱ्या: आजपर्यंत शून्य. नाडी सापडली, बूट कुठे गेला कळत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

सासरे दुकानात. भव्य कार्यक्रम आहे एवढंच सांगितलं, तपशील दिला नाही. शत्रूच्या गोटातला माणूस. म्हटलं, सोळा तारखेला समोरून तिसऱ्या रांगेकडे बघून मी तुम्हाला हात करीन. त्यांना एकदम ठसका लागला. पाणी दिलं. मग म्हणाले, या वेळी बहुधा जागा बदलेन, उन्हाची तिरीप येते. निळा स्टँड सावलीत आहे. वय झालं की लक्षात राहत नाही.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी

सहाशे खुर्च्यांवर सहाशे कार्डं आणि सहाशे चिठ्ठ्या स्वतः ठेवल्या. निळी बाजू वर करून ठेवली, म्हणजे लाल रंगाला धूळ नको. कंबर धरली आहे. मन भरून आलं आहे. उद्या इतिहास.

रविवार, १६ मार्च. दुपारी २.३०

बायकोने बसायला दोन उशा दिल्या. एका माणसाला एक पुरते. थर्मासबरोबर पेलेही दोन दिले. हिचं लक्ष नसतं. वाद घालायला वेळ नव्हता, तसाच निघालो.

३.४०

आत. दोन वर्षांनी आत. चौदा-नऊवर पाच मिनिटं बसून घेतलं. मग सगळ्यात वरच्या रांगेच्या मागे, भोंगा हातात घेऊन, जागेवर.

४.००

शिट्टी. मी भोंग्यावरून ‘वर’ म्हटलं. सहाशे कार्डं एकदम वर गेली. मी मागून बघतोय, खाली नुसतं लालच लाल. डोळ्यांत पाणी आलं. सातव्या रांगेत दोघांनी उलट धरलं होतं, इकडे निळं दिसत होतं. भोंग्यावरून त्यांचे कान उपटले. बिचाऱ्यांनी लगेच सुलट केलं.

४.०१

समोरचा निळा स्टँड एकदम गप्प. दिपले.

४.०२

समोरचे उभे राहून टाळ्या वाजवतायत. वैऱ्याचं कौतुक करायला मोठं मन लागतं. निळ्यांकडे ते असेल असं वाटलं नव्हतं.

४.०३

आपला गोलकीपर जागा सोडून आपल्याच स्टँडकडे बघत उभा आहे, दोन्ही हात डोक्यावर. भारावून गेला आहे.

४.०४

निळे तालात ‘शांत झोपा, शांत झोपा’ म्हणतायत. कार्डाच्या मागचा मजकूर त्यांना कसा कळला?

४.०६

कळला.

४.१५. गेट नंबर सहाच्या बाहेर

दोन कार्यकर्त्यांनी मला काखेत धरून गेटपर्यंत पोचवलं. पायऱ्या उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. सन्मानच म्हणायचा. ढोलवाला वाटेत उभा होता. ढोल बाजूला ओढून त्याने वाट करून दिली. काही तिखट बोलला असता तर बरं झालं असतं.

अध्यक्ष गेटपर्यंत आले. त्यांचा चष्मा मीच बनवलेला, त्यातून ते माझ्याकडे फार वाईट बघत होते. म्हणाले, सामना संपेपर्यंत आत पाय टाकू नका. एवढं माझ्यासाठी करा.

उशा मात्र आणून दिल्या. दोन्ही.

४.२०

गेटसमोर भिंतीलगत सिमेंटचं एक बाक आहे. त्यावर सासरे बसलेले.

निळा मफलर, मनगटावर डेपोचं जुनं घड्याळ, मांडीवर वही. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला.

“दुसरी उशी माझी,” ते म्हणाले. “ती नेहमी देते.”

४.४०

सगळं ऐकलं. सासरे बारा वर्षं या बाकावर बसतायत. बारा वर्षांपूर्वी निळ्यांच्या संघटनेने त्यांना हात जोडून सांगितलं, अण्णा, तुम्ही आत असलात की आपण हरतो, कृपा करून बाहेर बसा. ते बाहेर बसले आणि निळे जिंकायला लागले. मग कोणत्या तोंडाने आत जाणार. घरी मात्र तिसरी रांग सांगत राहिले. गोल कितव्या मिनिटाला झाला हे आरोळीवरून कळतं, तसं ते घड्याळ बघून टिपून घेतात. वहीत पानंच्या पानं आहेत. ‘आरोळी, निळी बाजू, मोठी.’ ‘आरोळी, लाल बाजू, अर्धवट, बहुधा खांबाला लागला.’ अक्षर डेपोतल्या रजिस्टरसारखं, एकही खाडाखोड नाही.

मग त्यांनी हळूच विचारलं, जावईबापू, सुरुवातीला आत एवढा हशा कसला झाला. आयुष्यात असा हशा टिपला नव्हता. वहीत काय लिहावं कळेना.

सांगितलं. कार्डं, आरसा, लाल बाजू, शांत झोपा, सगळं. सासरे आधी तोंडावर मफलर धरून हसले. मग मफलर सोडून हसले. मग त्यांना उठून उभं राहावं लागलं. मला राग यायला हवा होता. थोडा आला, मग मीही हसलो. चहा सांडला.

५.१०

मध्यंतर संपून दहा मिनिटं झाली. शून्य-शून्य. सासरे सारखे गेटकडे बघतायत. कार्डं अजून लोकांच्या हातात असतील का, विचारतात. मी म्हटलं, असतील, पुष्कळ जण त्यांनी वारा घेत होते. ते म्हणाले, एकदा बघायला मिळालं असतं. दोनच मिनिटं.

५.११

गेले. सत्तराव्या वर्षी गेटवाल्याची नजर चुकवून आत गेले. वही माझ्याकडे दिली, म्हणाले, टिपत राहा.

५.१३.२०

आरोळी. लाल बाजू. प्रचंड.

५.१९.०५

आरोळी. लाल बाजू. याहून मोठी. ढोल फुटला की काय असं वाटलं.

५.२०

सासरे बाहेर आले. चेहरा पांढराफटक. नऊ मिनिटं आत होते. बाकावर बसले आणि कितीतरी वेळ मफलरची गाठ सोडत बसले. मी वही पुढे केली. त्यांनी दोन्ही वेळा वाचल्या आणि मिटून खिशात टाकली.

“कोणाला सांगू नका,” म्हणाले. “पोरीलासुद्धा.”

५.५०

सामना संपला. लाल दोन, निळे शून्य. अकरा वर्षांनी जिंकलो. मी भिंतीच्या अलीकडे.

सोमवार, १७ मार्च

पेपरात फोटो. आपला अख्खा स्टँड निळा, वर सहाशे वेळा ‘शांत झोपा’. खाली लिहिलंय की त्यानंतर निळे खरोखरच झोपले.

हीच तर खेळी होती. शत्रूला बेसावध करणे. जितका विचार करतो तितकं पटतं की मनात खोल कुठेतरी मला हे आधीच माहीत असावं. बैठकीत हेच मांडायचं. पितळी पट्टीवर काय कोरायचं त्याचे तीन मजकूर तयार केले.

गाद्यांच्या दुकानदाराने आभार म्हणून फोमचा एक मोठा तुकडा दुकानात पाठवला. फुकट जाहिरात झाली म्हणे. फोन नंबर चुकीचा आहे हे त्याच्या लक्षात राहिलेलं दिसत नाही.

गुरुवार, २० मार्च

बैठक. कमोडची तीच पेटी.

मी खेळी मांडली. कोणी हसलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही आत होतात तोवर आपली शोभा झाली. तुम्ही बाहेर गेलात आणि आपण जिंकलो. आता आम्ही काय समजायचं ते तुम्हीच सांगा.

मला सांगता आलं असतं. दोन्ही गोल झाले तेव्हा निळ्यांची पनवती आत होती, पाच-अकरा ते पाच-वीस, वहीत सेकंदासकट पुरावा आहे. एवढं एक वाक्य बोललो असतो तर खुर्ची माझी होती. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मग मफलरची गाठ सोडणारे हात डोळ्यांसमोर आले. बारा वर्षांची तिसरी रांग गावासमोर उघडी पडली असती. सासऱ्यांनी दुकानात येणंच बंद केलं असतं.

मी म्हटलं, पायगुणच असेल माझा.

हे मी म्हणालो. मोठ्याने. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग अध्यक्षांनी उठून हातात हात घेतला आणि ठराव मांडला: मला ‘आजीव बाह्य सभासद’ म्हणून सन्मानपत्र. चौदा-नऊ खुर्चीवर आता ढोल ठेवणार. टाळ्या बराच वेळ चालल्या.

रविवार, २३ मार्च

सासरे रोजच्या वेळेला दुकानात. चष्मा पुसून दिला. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला ते सांगायला लागले की तिसऱ्या रांगेतून बघितलं मी, अठ्ठावन्नाव्या मिनिटाला. गिऱ्हाईक म्हणालं, गोल झाला कसा. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते शब्दांत सांगता येत नाही.

संकल्प: पार्किंग सोडायचं. बाह्य सभासदाला ते शोभत नाही. चेंडूंत हवा भरणं चालू ठेवायचं.

रविवार, ३० मार्च

फोमचा तुकडा बायकोने घेतला आणि जुन्या पडद्याच्या कापडाचा अभ्रा शिवून एक लांब बैठक केली. दोन उशा दरवेळी कोण सांभाळणार, म्हणाली. दुपारी सासऱ्यांना घेऊन गेट सहापाशी जाऊन आलो. सामना नव्हता, नुसती घालून बघितली. बाकावर बरोबर बसली, दोन्ही टोकांना बोटभरही कमी-जास्त नाही. सासरे एका टोकाला, मी दुसऱ्या.

म्हणजे ‘पोरीलासुद्धा सांगू नका’ वगैरेला अर्थच नव्हता, बाकाचं तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. घरी येऊन विचारलं, बाकाचं माप घेतलंस कधी.

म्हणाली, तुम्ही सभासद झालात त्याच वर्षी.